आतूकाकांचा भोवरा

परवा आमच्या सोसायटीत गाड्या लावायची खालची जागा धुवायला माणसं एक यंत्र घेऊन आली. उपड्या घमेल्यासारखं गोल, वरून रबरी नळी आणि पोटात गरगर फिरणारे पाण्याचे दोन हात. ते जमिनीवरून सरकायला लागलं आणि आतून घुमल्यासारखा आवाज निघाला. नात म्हणाली, "आजी, बघ काय भारी आहे! परदेशी आहे ते."

मी म्हटलं, "परदेशी कसलं? हे आमच्या मासळीच्या शेडीत होतं. आणि त्याच्यावर माझ्या माहेरचं तपेलं होतं."

नातीने माझ्याकडे पाहिलं. हल्ली माझ्याकडे पुष्कळदा असं पाहतात. म्हणून म्हटलं, आतूकाका विसरायच्या आधी लिहून ठेवावेत. ते विसरण्यासारखे नव्हेतच. मीच कधी विसरेन सांगता येत नाही.

आतूकाका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. नाव आत्माराम. उभा जन्म आगबोटींच्या इंजिनखोलीत गेलेला. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे गुळगुळीत चट्टे, आणि इंजिनच्या धडधडीने कान निम्म्याहून अधिक गेलेले. त्यामुळे ते तळव्याने ऐकायचे. पंपावर तळवा ठेवून म्हणायचे, "हेका खोकलो झालो." विहिरीच्या कठड्यावर ठेवून म्हणायचे, "पाणी उतारला." एकदा मी नको नको म्हणत असताना माझ्या डोक्यावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "हय मात्र काय वाजणां नाय." सगळं घर हसलं. मी सावंतवाडीहून सातवी फायनल पास होऊन आलेली नवी सून. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण ऐकू येत नव्हतं.

त्यांची आणखी एक खोड होती, ती घरातल्या कुणालाच आवडायची नाही. ते शेडीच्या उंबऱ्यावर बसायचे. उंबऱ्यावर बसू नये हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मामंजी ओरडायचे, "आतू, ऊठ थंयसून. लक्ष्मीची वाट ती."

"आत माझां काय नाय, भायर माझां काय नाय," काका म्हणायचे. "मगे मी बसतलंय खंय?"

शेड आमच्या घराच्या मागच्या बाजूला, माडांच्या पलीकडे, समुद्राच्या अंगाला होती. हंगामात तिथे बांगडे खारवत. भिंतीकडेने मिठाच्या टाक्या, मधोमध सिमेंटचा मोठा कोबा, आणि दाराच्या बरोबर समोर, पलीकडच्या भिंतीत, दिव्याचा कोनाडा. मी वैशाखात सासरी आले तेव्हा शेड बंद पडायला आली होती. मासळी होती, मीठ होतं, गिऱ्हाईक होतं. कोबा घासायला बाई मिळत नव्हती. आणि बांगड्याचे खवले अन् रक्त रोजच्या रोज निघालं नाही, तर चार दिवसांत टाकीत किडे.

बायका का येत नव्हत्या, ते मला कुणी धड सांगेना. मग जानकीने सांगितलं. ही त्या बायकांची म्होरकी. तोंडाने फटकळ, हाताने विजेसारखी. "कोबो धुवन सुकाक लागलो काय पावलां दिसतत," ती म्हणाली. "सगळो कोबो सुकता, पावलां सुकनत नाय. दारातसून कोनाड्याकडे जातत. बांगडे आम्ही पडवेत कापू, टाकयेकडे भिंतीभिंतीन जाव. पण कोबो घासूक त्येच्यार बसाक लागता. ता माका जमाचा नाय. माका पोट आसा, तसो जीवय आसा."

"कोणाची पावलं?" मी विचारलं.

"कोणाची म्हणजे? आवडीची."

आवडी म्हणजे आतूकाकांची बायको. काका समुद्रावर असताना ती तापाने गेली. खबर त्यांना कुठल्याशा बंदरात मिळाली, तोवर तिचं सगळं उरकलं होतं. ते कायमचे घरी आले त्या वर्षापासून पावलं दिसायला लागली, असं सगळे म्हणायचे.

मला हसू आलं. माझ्यापाशी सातवी फायनलचं विज्ञान होतं ना! भर दुपारी, गड्याने दारातूनच कोब्यावर पाणी मारलेलं असताना, मी एकटी शेडीत गेले. वर छपराच्या कौलांवर ऊन तापलेलं. कोबा कडेकडेने पांढरा पडत चालला होता. आणि मधून एक वाट उमटत होती. लहान, निमुळती, ओली पावलं. डावं, उजवं, डावं. टाचा दाराकडे, बोटं कोनाड्याकडे.

शहाण्या माणसाने इथे मागे फिरावं. मी चप्पल काढली आणि एका पावलात माझं पाऊल ठेवून पाहिलं.

बरोबर बसलं. इतकं बरोबर, की टाच कुठे संपते आणि अंगठा कुठे सुरू होतो ते मला न बघता कळलं. आणि ते थंड होतं. सगळा कोबा तव्यासारखा तापलेला आणि तेवढंच पाऊल विहिरीच्या तळासारखं गार.

"थंयसून बाजूक हो गो," मागून आवाज आला. "पुसशीत."

आतूकाका उंबऱ्यावर बसले होते. मी आत आले तेव्हा तिथे कुणी नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी अशी काही उडी मारली की एक पाय टाकीत गेला. त्यानंतर मला ताप भरला. घरातल्या बायकांनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली आणि विज्ञानाने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

त्याच आठवड्यात मामंजींनी निकाल दिला. पडवीत सगळ्यांसमोर म्हणाले, "आतू, नारळी पुनवेक दर्यात नारळ पडलो काय होडयो भायर पडतल्यो. तवसर कोबो धुवची सोय झाली तर बरां. नायतर मी पहार घालतलंय. फोडून नवो करतलंय."

काकांनी हे मात्र नीट ऐकलं. "कोबो धुवल्याशी कारण मां? माणसां कित्या होयी?"

"मगे कोण धुतलो? तुझी आवडी?"

बोलून गेल्यावर मामंजींनी जीभ चावली. काकांनी पडवीच्या खांबावर तळवा ठेवला, आणि थोड्या वेळाने उठून गेले.

मला तेव्हा वाटलं, भूत जायचं तर जाऊ दे ना, फोडा कोबा. मग जानकीनेच मला ओट्यावर बसवून समजावलं. आवडीचा फोटो कधी काढलाच नव्हता. लुगडी वाटली गेली होती, दागिने नणंदांच्या लग्नात मोडले होते. काका घरी आले तेव्हा त्यांना हात लावायला तिचं काहीच उरलं नव्हतं. आणि ही पावलं खरोखरच तिची होती. गावात सिमेंटचा कोबा पहिल्यांदाच होत होता. बायकांना ठाऊक शेणाचं सारवण. सकाळी सारवलं की तिन्हीसांजेला त्यावर पाट मांडावा. गवंड्याने कोबा घोटून संपवला आणि संध्याकाळी आवडी सवयीने दिवा लावायला सरळ कोब्यावरून कोनाड्यापर्यंत चालत गेली. मागाहून गवंडी कपाळाला हात लावून बसला. त्याने वरून सिमेंटचं पातळ पाणी ओतून पुन्हा घोटलं, आणि पावलं खाली बुजली.

म्हणजे बायका वर्षानुवर्षं घासत राहिल्या, वरचा थर झिजला, आणि जिथे सिमेंट निराळं बसलं होतं तिथे ओल धरून राहायला लागली. असं मी आजही म्हणते. दिवसाढवळ्या म्हणते.

तर काकांना असा कोबा धुवायचा होता ज्यावर कुणी पाय ठेवणार नाही, ज्यावरचा खवला न् खवला निघेल आणि ज्याचा तो वरचा पातळ थर मात्र निघणार नाही. पावसाळाभर त्यांनी दुसरं काही केलं नाही.

पहिला भोवरा नारळाच्या करवंटीचा होता. अंगणातल्या फणसाला सुंभाने टांगलेला. करवंटीला समोरासमोर दोन भोकं, त्यात पपईच्या पानांचे पोकळ देठ, आणि देठांची टोकं एकमेकांच्या उलट बाजूंना वळवलेली. मला हाक मारून म्हणाले, "वत पाणी."

मी तांब्या ओतला. देठांतून पाणी उडालं आणि करवंटी गरगर फिरायला लागली. कुणी हात न लावता. मी दोन पावलं मागे सरले.

"भियालंस? होडयेतसून धक्क्यार उडी मारलंस काय होडी मागे जाता मां? तसांच ह्या. पाणी एका अंगाक उडी मारता, देठ दुसऱ्या अंगाक पळता. पाणी खोटां बोलणां नाय."

मग देठांच्या जागी तांब्याच्या नळ्या आल्या. फुटलेल्या एका लाँचीचं रॉकेलवर चालणारं इंजिन आणि पंप त्यांनी किनाऱ्यावरून ओढून आणला होता. त्याला समुद्राचं पाणी जोडलं. नळ्यांची तोंडं मालवणच्या तांबटाकडून बारीक करून घेतली. फिरता भाग बसला जुन्या चिंचेच्या लाकडाच्या कडीत, म्हणजे वंगण पाण्याचंच.

पहिल्या खेपेला तोंडं अगदी आडवी वळवली. भोवरा असा फिरला की नळ्या दिसेनात. पण खाली परीक्षेला ठेवलेल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर चिकटवलेले खवले होते तिथेच. काका म्हणाले, "नाचता बरो. पण नाचणाऱ्याक कोणी भांडी घासूक लावणां नाय."

दुसऱ्या खेपेला तोंडं सरळ खाली केली. भोवरा फिरेचना. दोन्ही धारा एकाच जागी बसल्या आणि बघता बघता चिऱ्याला खड्डा पडला. काकांनी पंप बंद केला. त्या खड्ड्यात बोट घालून ते किती तरी वेळ उकिडवे बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "ह्या तिच्यार झालां तर?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर रोज एक चिरा. तोंड तांदळाएवढं वळवायचं, धार बघायची, तळवा नळीवर ठेवायचा, पुन्हा वळवायचं. जास्त वळलं तर फिरतं पण धूत नाही, कमी वळलं तर धुतं पण फिरत नाही. जेवताना भाताचं शीत बोटाने असं असं सरकवत बसायचे. मामंजी म्हणायचे, "पेज पिताना तरी तो भोवरो थांबव रे!"

त्याच दिवसांत माझं माहेरचं पितळी तपेलं नाहीसं झालं. घर पालथं घातलं. परका माणूस घरात आलेला नाही. आणि मी, विज्ञानवाली, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आवडीकाकीनेच नेलं असणार!"

दुपारी शेडीकडून आवाज आला. घुमल्यासारखा, मध्येच उंच जाणारा, पुन्हा खाली येणारा. जात्यावर बसलेली बाई तोंड न उघडता गुणगुणते तसा. जानकी मिठाची टोपली घेऊन मागच्या दाराने येत होती. ती जागच्या जागी थांबली. टोपली तिच्या हातातून कधी सुटली ते तिला कळलं नाही.

"ह्यो आवाज आवडीचो," ती म्हणाली.

आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून गेलो. तपेलं भोवऱ्यावर उपडं घातलेलं होतं, बुडाला भोक पाडून त्यातून नळी घेतलेली. आत भोवरा फिरत होता आणि तपेलं गात होतं. काका त्यावर तळवा ठेवून डोळे मिटून बसले होते.

"काका, माझं तपेलं!" मी किंचाळले.

त्यांनी डोळे उघडले. "झाकण नसलां तर पाणी चारय बाजूंक उडता. तुझ्या सासूची काहील लावन बघलंय. ती गाणां नाय."

नळीचं तोंड किती वळवायचं, ते त्यांनी धुण्यावरून ठरवलं की गाण्यावरून, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

नारळी पौर्णिमेच्या दिवशी दर्यात नारळ सोडून मामंजी थेट शेडीवर आले. हातात पहार. आदल्या दिवशीच कोब्यावर बांगड्यांची घाण मुद्दाम पसरून वाळवली होती. भोवऱ्याला दोन दोऱ्या बांधलेल्या. एक काकांच्या हातात, दारापाशी, आणि दुसरी पलीकडे कोनाड्याखाली माझ्या हातात, कारण घरातलं दुसरं कुणी तिथे उभं राहायला तयार नव्हतं. मीही नव्हते, पण तपेलं माझं होतं.

"हबेस!" काका बोटीवरच्या भाषेत ओरडले. म्हणजे मी ओढायचं. "आरिया!" म्हणजे सोडायचं. भोवरा गुणगुणत सरकू लागला आणि त्याच्यामागे कोबा असा निघत गेला, जणू कुणी काळी घोंगडी गुंडाळत नेत होतं. जानकी आणि बायका बाहेरून खिडकीला लागल्या होत्या. मामंजींनी पहार भिंतीला टेकवली. मी फुशारून गेले आणि पदर सावरायला एक हात सोडला.

तेवढ्यात गाणं थांबलं.

समुद्राच्या पाण्यातून वाळू आली आणि कडीत अडकली. भोवरा फिरायचा राहिला, धारा मात्र सुरूच. दोन्ही धारा एकाच जागी बसल्या; बरोबर वाटेच्या मधोमध. काका, जे कधी त्या वाटेवर पाय ठेवत नसत, भिंतीभिंतीने फेरा घालून जात असत, ते कोब्यावरून धावत गेले, उकळत्या भांड्यासारखं तपेलं दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरलं. धारा त्यांच्या अंगावर बसल्या. कुणीतरी इंजिन बंद केलं.

मग एकदम सगळं शांत झालं. नुसतं पाणी निथळत होतं. काका खाली बघेनात. "बघ गो," मला म्हणाले. "गेलां काय रे देवा... बघ तू."

मी बघितलं. वरचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा उडाला होता. आणि त्याखाली एक पाऊल होतं. ओलीचं नव्हे, खरं, खोल, सिमेंटात रुतलेलं. टाचेची भेग दिसत होती. अंगठ्याशेजारच्या बोटाभोवती जोडव्याचा वेढा उमटला होता, त्यावरच्या नक्षीसकट.

मामंजी पुढे आले. वाकून त्यांनी पाहिलं. ती जोडवी लग्नात त्यांनीच आपल्या हाताने भावजयीसाठी आणली होती, हे मला नंतर कळलं. ते पुष्कळ वेळ वाकलेलेच राहिले. मग पहार उचलली. काकांनी डोळे मिटले.

"ही थंय माडाखाली नेवन टाक," मामंजी माझ्याकडे पहार देत म्हणाले. "कोबो ऱ्हवांदे."

त्या दिवसापासून पंपाच्या नळीला फडक्याची गाळणी आली, शेड सुरू झाली आणि बायकाही परतल्या. पडवीत कापायला, भिंतीकडेने चालायला. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण जानकी संध्याकाळी माझ्यापाशी आली. हळू आवाजात म्हणाली, "सूनबाय, एक सांगतंय, कोणाक सांगू नको. कोबो घोटलो त्या दिवशी आवडी दिवो लावन त्याच वाटेन परत इली. मी दारात उभी होतंय, माझ्या डोळ्यांनी बघलंय. मगे तिची परतीची पावलां खंय गेली?"

गवंड्याने ती जास्त चांगली बुजवली असतील, असं मी म्हणाले. जानकी माझ्याकडे बघत राहिली, माझी नात हल्ली बघते तशी.

पुढे कित्येक वर्षं भोवरा गात राहिला. तोंडं झिजली की काका नवी करायचे, त्याच वळणाची. रोज दुपारी कोबा धुऊन झाला की उंबऱ्यावर बसायचे, तळवा कोब्यावर ठेवून. पावलं उमटायची, कोनाड्याकडे जायची, हळूहळू सुकायची. शेवटचं सुकलं की ते उठून पेज प्यायला यायचे. कुणी स्टँडवर पोचवून परत यावं, तशी चाल असायची. एकदा मी विचारलं, "काका, भीती नाही वाटत?"

"कसली भीती? ती जाता तेवढी दिसता. येता ती दिसणां नाय, तेची वाट बघतंय."

मग आमच्या ह्यांना मुंबईत खोली मिळाली आणि मीही निघाले. काका गेल्याची खबर मला तिकडेच आली, त्याच पावसाळ्यात. नंतर बर्फाचे ट्रक आले, खारी मासळी मागे पडली, आणि शेडही राहिली नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या दिवशी.

दुपारची मोटार होती. ठेवणीतलं लुगडं नेसून, नाकात नथ, मी ऐटीत शेडीवर गेले, पाया पडायला. भोवरा थांबला होता, तपेलं उपडं पडून निथळत होतं. काका नेहमीसारखे उंबऱ्यावर, माझ्याकडे पाठ, तोंड कोब्याकडे. त्यांना माझी चाहूल ऐकू येणं शक्यच नव्हतं. तरी मी मागे येऊन उभी राहिले आणि ते उंबऱ्यावरच जरा सरकले. एका बाजूला होऊन त्यांनी एका माणसापुरती जागा करून दिली.

मला अगदी भरून आलं. म्हटलं, बघा, सूनबाई चालली तर म्हाताऱ्याला किती माया! उंबऱ्यावर बसू नये हेसुद्धा मी त्या मायेत विसरले. लुगडं सावरून त्यांच्या शेजारी बसायला वाकले.

वाकले तेव्हा कोबा दिसला. सगळा पांढरा, सुकलेला. आणि कोनाड्यापासून दारापर्यंत पावलं. टाचा कोनाड्याकडे. बोटं आमच्याकडे.

मी बसले नाही. उंबऱ्याची तेवढीच जागा ओली झाली होती.